वर्गातला हशा : मराठी गद्यातील शालेय विनोदाचा विचार

मराठी विनोदी वाङ्मयात शाळेला हक्काची जागा आहे. छडी, बाक, फळा, तपासणीला येणारे साहेब, मधल्या सुट्टीतली भांडणे आणि शिक्षकांची टोपणनावे या सामग्रीवर विनोदकारांच्या किमान तीन पिढ्या पोसल्या गेल्या. असे असूनही समीक्षेने या विनोदाकडे 'हलकाफुलका', 'निखळ', 'निर्मळ' अशा दोन-तीन विशेषणांपलीकडे जाऊन क्वचितच पाहिले आहे. विशेषण लावले की विचार करण्याची जबाबदारी संपते, असा काहीसा प्रकार येथे झालेला दिसतो. वस्तुतः वर्गात पिकणारा हशा कधीही केवळ हशा नसतो. एक माणूस उभा आहे आणि पन्नास-साठ मुले बसली आहेत. बोलण्याचा, गप्प बसविण्याचा आणि गुण देण्याचा अधिकार उभ्या असलेल्याकडे आहे. अशा जागी कोण हसतो, कोणाला हसतो आणि हसल्यानंतर कोणाला बाकावर उभे राहावे लागते, हे प्रश्न विनोदाच्या स्वरूपाशी थेट निगडित असतात. पु. ल. देशपांडे, द. मा. मिरासदार, मिलिंद बोकील या लेखकांच्या आणि त्यांच्या विरुद्ध टोकाला उभ्या असलेल्या आनंद यादव व शरणकुमार लिंबाळे यांच्या लेखनाच्या आधारे या प्रश्नांचा विचार करणे हे प्रस्तुत लेखाचे प्रयोजन आहे.

फळ्याजवळचे विनोदकार

या विनोदाविषयीची पहिली लक्षणीय गोष्ट अशी की तो लिहिणाऱ्यांपैकी बरेचजण स्वतः शिक्षक होते. चिं. वि. जोशी बडोद्याच्या महाविद्यालयात पाली शिकवीत. प्र. के. अत्रे पुण्याच्या कॅम्प भागातील शाळेचे मुख्याध्यापक होते. लंडनला जाऊन त्यांनी अध्यापनाचे रीतसर शिक्षण घेतले आणि पुढे 'नवयुग वाचनमाला' सिद्ध केली. पु. ल. देशपांडे काही काळ बेळगावच्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात प्राध्यापक होते. द. मा. मिरासदार १९५२ पासून पुण्याच्या कॅम्प भागातच शाळाशिक्षक होते आणि १९६१ नंतर मराठीचे प्राध्यापक झाले. म्हणजे ज्यांनी मागच्या बाकावरून शिक्षकांकडे पाहणारे लेखन केले, ते प्रत्यक्षात अर्धे आयुष्य फळ्याजवळ उभे होते.

या दुहेरी स्थानाचा परिणाम लेखनावर झाला आहे. निवेदक शाळकरी मुलगा असतो, पण त्याच्या तोंडची भाषा आणि मास्तरांविषयीची क्षमाशीलता प्रौढ शिक्षकाची असते. मुलाला मास्तरांचा राग येतो तो एका परिच्छेदापुरता. पुढच्या परिच्छेदात लेखक मास्तरांच्या तुटपुंज्या पगाराची, फाटक्या कोटाची आठवण करून देतो. त्यामुळे मराठीतला शालेय विनोद बंडखोर क्वचितच झाला. तो व्यवसायबंधूंविषयी लिहिलेला विनोद आहे आणि व्यवसायबंधूंची लाज राखणे हे त्याचे अलिखित पथ्य आहे.

अत्र्यांचे उदाहरण या बाबतीत विशेष बोलके आहे. 'झेंडूची फुले' (१९२५) या संग्रहात त्यांनी समकालीन कवींची विडंबने केली. विडंबन हा वाङ्मयप्रकार शाळकरी मुलांना न शिकविता येतो. प्रार्थनेतील, पाठ्यपुस्तकातील कवितेचे शब्द बदलून मागच्या बाकावर म्हणणे, हे प्रत्येक शाळेत प्रत्येक पिढीने केलेले आहे. अत्र्यांनी मुलांचा हा उद्योग साहित्याच्या दरबारात नेला असे म्हटले तर फारसे चुकणार नाही. ज्या मुख्याध्यापकाच्या टेबलावर छडी असते त्याच मुख्याध्यापकाच्या खिशात विडंबनाची वही असावी, यातली गंमत त्यांच्या विद्यार्थ्यांना कितपत कळली असेल हा वेगळा प्रश्न. पुढे १९५३ मध्ये त्यांनी 'श्यामची आई' हा चित्रपट काढला. त्यातले छडीचे गाणे महाराष्ट्रभर मुलांच्या तोंडी झाले. मार खाणारीच मुले माराचे गाणे ठेक्यात म्हणतात, ही या गाण्याची किमया होय. भीतीची वस्तू खेळाची वस्तू झाली. मात्र तिचा मार कमी झाला असे नाही.

दाबलेले हसू

भरताने नाट्यशास्त्रात हास्याचे सहा प्रकार सांगितले : स्मित आणि हसित हे उत्तम प्रकृतीचे, विहसित आणि उपहसित हे मध्यम प्रकृतीचे, अपहसित आणि अतिहसित हे अधम प्रकृतीचे. ही विभागणी सभेतल्या माणसांसाठी आहे. वर्गातल्या हास्याला ती अपुरी पडते, कारण तेथील मुख्य प्रकार या सहांत बसत नाही. पुस्तक तोंडासमोर धरून, खाली वाकून पेन्सिल शोधण्याच्या निमित्ताने, शेजाऱ्याच्या दंडाला चिमटा काढून जे हसले जाते ते हसू मूळ कारण संपल्यावरही थांबत नाही. हसण्यास मनाई हेच त्याचे कारण असते. पु. ल. देशपांडे यांच्या 'बिगरी ते मॅट्रिक' (हसवणूक, १९६८) या लेखाचे प्रयोग श्रोत्यांनी ज्या उत्साहाने ऐकले, त्यामागे या मनाईच्या स्मृतीचा वाटा मोठा आहे. वर्गात जे हसू गिळले ते पंचवीस-तीस वर्षांनी सभागृहात मोकळे झाले.

फ्रेंच तत्त्ववेत्ता बर्गसाँ याने हास्यावरील आपल्या ग्रंथात (१९००) सजीव माणसावर यंत्रासारखा ताठरपणा चढला की तो हास्यास्पद होतो, असे प्रतिपादन केले. शिक्षकी पेशाला हे विधान जसे लागू पडते तसे अन्य पेशांना क्वचितच पडत असेल. तोच धडा, तेच उदाहरण, तोच विनोद दरवर्षी, त्याच महिन्यात, त्याच ओळीवर. विद्यार्थी बदलतात म्हणून शिक्षकाला पुनरुक्ती जाणवत नाही. पण थोरल्या भावाने धाकट्याला आधीच सांगितलेले असते, आणि मग सारा वर्ग तो विनोद येण्याची वाट पाहत बसतो. पु. ल. देशपांडे यांचे पहिले व्यक्तिचित्र 'अण्णा वडगावकर' १९४४ मध्ये 'अभिरुची'त आले. ते एका संस्कृतच्या प्राध्यापकाचे आहे, हा योगायोग नव्हे. लकब, आवडता शब्द, ठरलेला हावभाव या यांत्रिक गोष्टींतून अण्णा उभे राहतात, आणि या लकबींच्या आत एक हळवा माणूस आहे हे वाचकाला उशिरा कळते. शिक्षकावरील व्यक्तिचित्राचा साचा तेथे तयार झाला.

टोपणनाव हे या यांत्रिकतेवर विद्यार्थ्यांनी लावलेले लेबल असते. ते एका बॅचने ठेवावे आणि पुढच्या दहा बॅचनी चालवावे, अशी त्याची रीत. नाव का पडले हे विसरले जाते; नाव राहते. कोणत्याही शिक्षकाला आपले टोपणनाव माहीत असते आणि ते माहीत नसल्याचा बहाणा करणे हे त्याच्या कर्तव्यात मोडते. शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यातला विनोदाचा करार असाच परस्परांच्या बहाण्यांवर चालतो. सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने संबोधनांचा प्रवासही येथे लक्षात घ्यावा लागेल : पंतोजी, गुरुजी, मास्तर, सर, बाई, मॅडम. 'पंतोजी' या शब्दाभोवती भीती होती, 'मास्तर' या शब्दाभोवती गरिबी आणि माया होती. 'सर' या शब्दाभोवती अजून विनोदाचे तेवढे दाट आवरण जमलेले नाही.

चितळे मास्तर आणि क्षमेचा सूर

'व्यक्ती आणि वल्ली' (१९६२) मधील 'चितळे मास्तर' हे या परंपरेचे शिखर मानले जाते आणि ते योग्यच आहे. मास्तर वर्गात मुलांची नावे मोडून-तोडून हाका मारतात, चेष्टा करतात, एकाचा धागा दुसऱ्याला जोडून कोपरखळ्या मारतात. आणि हेच मास्तर कच्च्या मुलांना घरी बोलावून पैसे न घेता शिकवितात. या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत, हे या व्यक्तिचित्राचे मर्म आहे. ज्याने आपल्यासाठी पहाटेची झोप मोडली त्याला आपली चेष्टा करण्याचा हक्क आहे, असा हिशेब मुलांच्या मनात न बोलता झालेला असतो. चेष्टेचे भाडे आधीच भरलेले आहे. मास्तरांचे विनोद मुलांना झोंबत नाहीत याचे श्रेय त्या विनोदांना कमी आणि शिकवणीला जास्त आहे.

व्यक्तिचित्राच्या अखेरीस मास्तरांच्या झिजलेल्या वहाणांकडे लेखक वाचकाचे लक्ष वेधतो. आतापर्यंतचे सारे हसे त्या वहाणांपाशी येऊन थांबते. हा शेवट इतका परिणामकारक ठरला की पुढे मराठीत मास्तरांवर लिहिणाऱ्या अनेकांना शेवटी डोळे ओले केल्याशिवाय लेख संपविता येईना. दोष मूळ कृतीचा नाही, अनुकरणाचा आहे. परंतु त्यामुळे एक गैरसमज रूढ झाला की, शाळेवरील चांगला विनोद हा शेवटी करुणच असला पाहिजे.

येथे एक आक्षेप नोंदविणे भाग आहे. चितळे मास्तरांच्या वर्गात सर्व मुलांना चेष्टा सारखीच गोड लागते, असे लेखक गृहीत धरतो. ज्या वर्गात मुलांचे आईबाप आणि मास्तर एकमेकांना ओळखतात, एकाच गल्लीत राहतात, एकाच पद्धतीचे बोलतात, तेथे हे गृहीत खरे असू शकते. मास्तरांनी नाव मोडले तरी घरी ते नाव नीट उच्चारणारे कोणी आहे, ही खात्री त्या मुलांना आहे. निवेदक मोठा होऊन नामवंत झाला आहे, आणि आठवण सांगण्याचा अधिकार त्याला त्या यशाने दिला आहे. त्याच वर्गात तीनदा नापास होऊन निघून गेलेल्या मुलाने मास्तरांचे व्यक्तिचित्र लिहिले असते तर तो हशा कोणत्या जागी पिकला असता, हे सांगता येत नाही. असे मूल 'चितळे मास्तर'मध्ये आहे, पण ते बोलत नाही.

गावची शाळा

द. मा. मिरासदारांनी हा करार गावात नेला आणि उलटा केला. त्यांच्या शाळाविषयक कथांत शिकणे सोडून बाकी सर्व काही घडते. 'ड्रॉइंग मास्तरांचा तास' या शीर्षकातच माध्यमिक शाळेतील एक उतरंड दडलेली आहे : गणित आणि इंग्रजीचे शिक्षक वर, ड्रॉइंग आणि ड्रिलचे शिक्षक खाली, त्यांचा तास म्हणजे मुलांच्या लेखी दुसरी मधली सुट्टी. ज्याचा विषय बोर्डाच्या परीक्षेत वजनदार नाही, त्याच्या छडीलाही वजन नसते. ही निरीक्षणे एखाद्या शैक्षणिक अहवालात आली असती तर त्यांना कोणी विनोद म्हटले नसते.

गावच्या शाळेत मास्तर हा बाहेरचा माणूस असतो. बाजार, पीक, भावकी, निवडणूक, जत्रा यांतले त्याला काही कळत नाही आणि समोरच्या मुलाला ते सर्व कळते. ज्ञानाची दिशा बदलली की विनोद आपोआप निर्माण होतो, त्यासाठी लेखकाला कोटी करावी लागत नाही. मिरासदारांची शैली याच कारणाने इतकी सपाट, विनासायास वाटते. वाक्य साधे, सूर बातमी सांगणाऱ्याचा, आणि अतिशयोक्ती अशी हळूहळू वाढत जाते की ती कोठे सुरू झाली हे ध्यानात येत नाही. व्यंकटेश माडगूळकर आणि शंकर पाटील यांच्यासह त्यांनी केलेल्या कथाकथनाच्या कार्यक्रमांमुळे या कथा शाळांच्या स्नेहसंमेलनांत पोहोचल्या. शाळेवरची कथा शाळेच्याच व्यासपीठावर, मुख्याध्यापक पहिल्या रांगेत बसले असता सांगितली गेली. अशा वेळी मुख्याध्यापकांनी सर्वांत मोठ्याने हसण्याची प्रथा आहे.

मात्र मिरासदारांच्या गावात जात फारशी दिसत नाही. पाटील आहे, मास्तर आहे, टवाळ मंडळी आहेत. पण वर्गात कोण कोठे बसतो याची चौकशी कथा करीत नाही. विनोदी कथेने समाजशास्त्र सांगावे अशी अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. तरीही, ज्या काळातल्या शाळेचे चित्र या कथा रंगवितात त्या काळी बसण्याची जागा ही गावातल्या शाळेची पहिली वस्तुस्थिती होती, हे दुर्लक्षून चालणार नाही.

उत्तरपत्रिका आणि शेलापागोटे

लिखित साहित्याबाहेर शालेय विनोदाचे दोन भक्कम साठे आहेत आणि दोन्ही शिक्षकांच्या खोलीशी संबंधित आहेत. पहिला साठा उत्तरपत्रिकांचा. मार्च-एप्रिलमध्ये तपासणी केंद्रावर चहाच्या वेळी जी उत्तरे मोठ्याने वाचली जातात त्यांच्या जोरावर शिक्षकांच्या किती पिढ्यांनी तो रटाळ काळ काढला असेल! या विनोदाचा साचा ठरलेला आहे : विद्यार्थी वाक्प्रचाराचा अर्थ शब्दशः घेतो. 'पाठ दाखवणे' याचा वाक्यात उपयोग करताना एखादा विद्यार्थी 'खाज सुटली म्हणून मी डॉक्टरांना पाठ दाखवली' असे लिहील. 'तोंडचे पाणी पळणे' या वाक्प्रचाराला दुसरा 'उन्हाळ्यात नळाला पाणी येईना, तेव्हा आमच्या तोंडचे पाणी पळाले' असे उत्तर देईल. ही उदाहरणे नमुन्यादाखल रचलेली आहेत, परंतु तपासनीसांना ती अनोळखी वाटणार नाहीत.

दुसऱ्या उदाहरणात चूक कोठे आहे, हे नीट पाहिले तर सांगता येत नाही. टंचाईच्या गावातल्या मुलाने वाक्प्रचार जेथून निघाला असेल तेथे परत नेला. परीक्षकाला हसू येते ते चुकीचे की त्या अचूकपणाचे, हे त्यालाही उमगत नाही. गुण मात्र शून्य पडतो. प्रमाण मराठी ही अनेक मुलांची घरची भाषा नाही. तिचे वाक्प्रचार त्यांना परक्या गावच्या रस्त्यांसारखे भेटतात. तपासणी केंद्रावरचा हशा हा त्या अर्थाने एका बोलीने दुसऱ्या बोलीला हसणे असते, आणि ज्याला हसले जाते तो तेथे उपस्थित नसतो. वर्गातील विनोदाला जे प्रत्युत्तर मिळू शकते ते येथे मिळत नाही. या पेशात वावरणाऱ्यांनी हा फरक ध्यानात घेणे अगत्याचे आहे.

दुसरा साठा शेलापागोट्यांचा, म्हणजे आजच्या भाषेत फिशपाँडचा. स्नेहसंमेलनात एकेकाच्या नावाने निनावी चिठ्ठ्या वाचून दाखवायच्या आणि ज्याला चिठ्ठी उद्देशून आहे त्याने व्यासपीठावर येऊन हसत स्वीकारायची, ही प्रथा मराठी शाळा-महाविद्यालयांत दीर्घकाळ चालत आली. शेला आणि पागोटे ही मानाची वस्त्रे. मान देण्याच्या नावाखाली टोपी उडवायची, असा या शब्दातला उपरोध आहे. इंग्रजी शब्द रूढ होताच तो हरवला. शिक्षकांनाही शेलापागोटे मिळते आणि त्या दिवशी ते निमूटपणे घ्यावे लागते. वर्षभराचा हिशेब एका संध्याकाळी चुकता करण्याची ही सोय होय. होळीच्या दिवशी बोंब मारण्याला जशी समाजाची मान्यता असते तशीच ही मान्यता.

निनावीपणामुळे या प्रथेला धार येते आणि त्यामुळेच ती घसरते. चिठ्ठ्या आधी चाळणारी समिती विद्यार्थी-प्रतिनिधींची आणि एक-दोन शिक्षकांची असते. ती काय गाळते? मुख्याध्यापकांवरची चिठ्ठी हमखास गाळली जाते. मुलींच्या रंगावरची, कोणाच्या लठ्ठपणावरची, एखाद्याच्या गावंढळ उच्चारावरची चिठ्ठी मात्र 'गंमत आहे' म्हणून राहते. वरच्या दिशेने जाणारा विनोद अडविला जातो आणि खालच्या दिशेने जाणाऱ्याला वाट मिळते, हा चाळणीचा न्याय शालेय विनोदाच्या एकूण राजकारणाचा छोटा नकाशाच म्हणावा लागेल. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने, ज्याची अंमलबजावणी १ एप्रिल २०१० पासून सुरू झाली, कलम १७ अन्वये बालकाला शारीरिक शिक्षा करण्यास आणि त्याचा मानसिक छळ करण्यास मनाई केली. छडी त्यामुळे निदान कागदावर गेली. चेष्टा कोठे संपते आणि मानसिक छळ कोठे सुरू होतो, ही रेषा आखण्याचे काम कायद्याने वर्गातल्या माणसाकडेच ठेवले आहे.

नववीचा वर्ग

मिलिंद बोकील यांच्या 'शाळा' (२००४) या कादंबरीने शालेय विनोदातला प्रौढ निवेदक बाजूला केला, हे तिचे मोठे योगदान मानावे लागेल. मुकुंद जोशी नववीत आहे आणि नववीतल्या मुलासारखाच बोलतो. मागे वळून पाहणारा, मास्तरांना क्षमा करणारा आवाज येथे नाही. बांधकाम अर्धवट राहिलेल्या इमारतीत बसून रस्त्यावरच्या मुली पाहणारी चौकडी, 'लाइन' या शब्दाभोवतीचे त्यांचे सारे शास्त्र, सुऱ्याची ठरलेली शिवी, शिक्षकांच्या स्वभावाचे त्यांनी केलेले निर्दय वर्गीकरण यांतून निर्माण होणारा विनोद हा त्या मुलांचा विनोद आहे, त्यांच्याविषयीचा नव्हे. कादंबरीला विनोदी म्हणता येणार नाही. पण वाचक जवळजवळ प्रत्येक पानावर हसतो आणि शिरोडकर गाव सोडून जाते तेव्हा आपण इतका वेळ कशावर हसत होतो, असा प्रश्न त्याला पडतो.

कथानकाचा काळ आणीबाणीचा आहे. बाहेर शिस्तीचे गोडवे गायले जात आहेत. आत वर्गातही शिस्त हाच परवलीचा शब्द आहे. मोठ्यांच्या बोलण्यातून आणीबाणी मुलांच्या कानावर पडते. नरूमामासारखा एखादा मोठा माणूस सोडला तर त्यांच्याशी मोकळेपणाने बोलणारे कोणी नाही. अशा वातावरणात मागच्या बाकावरची कुजबूज ही एकमेव सेन्सॉर न झालेली भाषा ठरते. बोकील ही तुलना कोठेही बोलून दाखवीत नाहीत, यात त्यांचा संयम दिसतो. २०११ च्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरलेल्या सुजय डहाके यांच्या 'शाळा'मध्ये काळाचे हे भान दृश्यांतून येते. पण मुकुंदाच्या मनातली बडबड, म्हणजेच कादंबरीतला विनोद, पडद्यावर ओसरला आहे.

एक उणीव मात्र 'शाळा'तही तशीच आहे. मुली हसतात, घोळक्याने हसतात, आणि त्या का हसल्या याचा मुले दिवसदिवस काथ्याकूट करतात. परंतु त्या हसण्याचे कारण वाचकापर्यंत येत नाही. मुलींचे हसू येते ते मुलांच्या कानांनी. येथे विचारात घेतलेल्या कोणत्याही लेखकाने मुलींच्या बाकावरून वर्ग पाहिलेला नाही. प्रकाश नारायण संतांच्या लंपनलाही ('वनवास', १९९४) सुमीचे हसू कळते ते त्याच्या स्वतःच्या गोंधळाइतकेच. अर्थात लंपनला निदान आपल्याला कळत नाही हे कळते.

दोन नकला

आनंद यादव यांच्या 'झोंबी' (१९८७) या आत्मचरित्रात्मक कादंबरीत वर्गातला हशा पहिल्याच दिवशी नायकाच्या अंगावर येतो. शेतकामासाठी शाळेतून काढलेला मुलगा मोठ्या खटपटीने पुन्हा पाचवीत येऊन बसतो. बरोबरीची मुले पुढे गेलेली, आजूबाजूला लहान आणि अनोळखी पोरे. अंगावर मळके धोतर, डोक्याला फडके. चव्हाणाचा खोडकर मुलगा ते फडके ओढून घेतो, स्वतःच्या डोक्याला गुंडाळून मास्तरांची नक्कल करतो आणि मास्तरांच्या टेबलावर ठेवून देतो. वर्ग हसतो. मधल्या सुट्टीत धोतराचा काष्टा ओढण्याचा प्रयत्न होतो. बाहेरून पाहिले तर ही शाळेतली सर्वसाधारण मस्करी आहे. मिरासदारांच्या कथेत ती आली असती तर वाचकही वर्गाबरोबर हसला असता. फरक एवढाच की येथे निवेदन फडके हरविलेल्या मुलाचे आहे. आठवडाभरात तो आईच्या मागे लागून टोपी आणि चड्डी मिळवतो. शेतकरी कुटुंबाच्या दृष्टीने हा खर्च लहान नव्हता. वर्गाच्या हशाची किंमत अशी रोख मोजावी लागली.

शरणकुमार लिंबाळे यांच्या 'अक्करमाशी' (१९८४) मध्ये शाळेची सहल येते. सहल हा शालेय विनोदाचा सर्वांत लाडका प्रसंग. येथे सवर्ण मुले एका झाडाखाली आणि महारांची मुले दुसऱ्या झाडाखाली जेवायला बसतात, आणि दुसऱ्या झाडाकडे उरलेले अन्न येते. दुसऱ्या दिवशी त्याच सहलीवर निबंध लिहायचा असतो. काय लिहावे हे न सुचलेल्या मुलाला मास्तर त्याच्या खाण्यावरून जातिवाचक टोमणा मारतात. त्या टोमण्याची रचना विनोदाचीच आहे : अनपेक्षित उल्लेख, वर्गासमोर उच्चार, प्रत्युत्तराची अशक्यता. चितळे मास्तरांच्या कोपरखळीत आणि या टोमण्यात शैलीचा फरक फार मोठा नाही. येथे चेष्टेचे भाडे कोणी भरलेले नाही, हा खरा फरक आहे. 'निखळ विनोद' ही संज्ञा वापरणाऱ्या समीक्षेने या दोन वर्गांना एकाच इमारतीत ठेवून पाहिले असते, तर ती संज्ञा इतकी सैल राहिली नसती.

'झोंबी'त नकलेचा आणखी एक प्रसंग आहे आणि तो अधिक विचार करण्याजोगा आहे. सौंदलगेकर मास्तर मराठी शिकवितात. ते कविता गाऊन, अभिनय करून, तल्लीन होऊन शिकवितात. अशा शिक्षकाची नक्कल करणे शाळेत सर्वांत सोपे असते. बर्गसाँच्या भाषेत बोलायचे तर सारा यांत्रिक कच्चा माल तयार आहे. नायकही नक्कल करतो. शेतात पिकाला पाणी पाजताना, गुरे राखताना, एकटाच असताना तो मास्तरांच्याच हावभावांनी, त्याच चढउतारांनी कविता म्हणतो. पाहायला कोणी नाही, म्हणून हसायलाही कोणी नाही. हळूहळू मास्तरांची चाल सोडून तो स्वतःची चाल लावू लागतो, आणि मास्तरांना ती ऐकविल्यावर ते त्याला सहावी-सातवीच्या मुलांसमोर गायला उभे करतात. पहिल्या दिवशी त्याच्याच फडक्याने केलेल्या नकलेवर वर्ग हसला होता. आता तो स्वतः मोठ्या मुलांपुढे मास्तरांची नक्कल करीत उभा आहे, मास्तर ऐकत आहेत, आणि वर्ग गप्प आहे.